गाव पारखण्यासाठी तीन पिढ्यांचा प्रवास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांतील अनेक कुटुंबांपुढे सध्या एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा आहे. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि दोन-तीन वर्षे अन्यत्र राहावेच लागणार आहे. वडील सेवानिवृत्त झाले आहेत. आजीला तिसऱ्या मजल्याचे जिने झेपेनासे झाले आहेत. मुलाचे काम आठवड्यातील बहुतेक दिवस घरूनच चालते. अशा स्थितीत कोकणातील वडिलोपार्जित घरी, नाशकास, वाईस किंवा दुसऱ्या एखाद्या गावी कायमचे जाऊन राहावे काय, आणि त्यासाठी सर्वांनी मिळून एकदा मोटारीने ती गावे पाहून यावीत काय? विचार रास्त आहे. परंतु पुष्कळ कुटुंबे सहलीचा आनंद आणि घराची पारख ही दोन कामे एकमेकांत मिसळतात, आणि जेथे समुद्र रम्य दिसला, जेथे मासळी ताजी मिळाली, तेथेच इसार देऊन परततात.

हे टाळण्यासाठी एकच कसोटी आरंभापासून अखेरपर्यंत धरावी: घरातील जे माणूस प्रकृतीने सर्वांत अशक्त, त्याच्या सोयीने प्रवासाचा वेग ठरावा आणि त्याच्याच गरजेने गावाची निवड व्हावी. तरुण माणसे कोठेही जुळवून घेतात. ऐंशीच्या घरातील आजीला किंवा दम्याच्या नातवाला ते साधत नाही. पुढील सर्व सूचना या एका कसोटीवर उभ्या आहेत.

निघण्यापूर्वी घरात बैठक घ्या

प्रवासाच्या निदान महिनाभर आधी सर्व पिढ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ज्याशिवाय राहता येणारच नाही अशी एक गोष्ट, आणि जी नसली तरी चालेल अशी एक गोष्ट. आजीने "दवाखाना अर्ध्या तासाच्या आत हवा" असे लिहिले, सुनेने "नोकरी सोडावी लागू नये" असे लिहिले आणि नातीने "शाळा बदलली तरी चालेल, पण वाचनालय हवे" असे लिहिले, तर निम्मी गावे त्या कागदावरच गळून पडतात. ज्येष्ठांचे मत शेवटी आणि उपचारापुरते विचारण्याची चाल अनेक घरांत आहे. ती येथे सोडावी आणि त्यांना प्रथम बोलू द्यावे.

पैशाचा हिशेब याच बैठकीत मांडावा. मुंबईचे घर विकून जायचे, भाड्याने देऊन जायचे, की पुनर्विकासाच्या काळापुरतेच बाहेर राहायचे, हे ठरल्याखेरीज कोणत्या प्रतीचे घर पाहायचे हेच कळत नाही.

गावे तीनच निवडा

एका फेरीत तीनहून अधिक गावे पाहू नयेत. उपनगरांतील मराठी कुटुंबांच्या बोलण्यात प्रामुख्याने येणारे पर्याय असे:

- कोकण (दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी). वडिलोपार्जित घर आणि ओळखीची माणसे ही येथील मोठी जमेची बाजू. परंतु वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, आणि मे महिन्यात अनेक वाड्यांना टँकर लागतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण व महाड शहरे पुरात बुडाली, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील घरांची छपरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. ही माहिती घर घेण्यापूर्वी ध्यानात हवी.
- नाशिक. हवा तुलनेने कोरडी, रुग्णालये व महाविद्यालये गावातच, आणि मुलुंडपासून अंतर सुमारे 150 किलोमीटर. 2026-27 च्या सिंहस्थाच्या काळात मात्र मुक्कामाची जागा व भाडी यांवर ताण येणार, हे धरून फेरी आखावी.
- वाई, सातारा, कऱ्हाड. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून तीस-बत्तीस किलोमीटरवरील वाईस त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. संधिवाताच्या माणसाला हा भेद फार मोठा असतो. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित असल्याने तेथे बांधकामावर कडक निर्बंध आहेत.

ऋतू आणि मार्ग

गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुटीत कोकणातील गाव पाहून निर्णय घेऊ नये. त्या दिवसांत चाकरमानी परतलेले असतात, प्रत्येक घरात दिवा असतो आणि दुकाने उशिरापर्यंत उघडी राहतात. तीच वाडी ऑक्टोबरात पाहिली तर चारांपैकी दोन-तीन दारांना कुलूप दिसते. पहिली फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांना घेऊन करावी. आणि गाव पसंत पडल्यास जुलैत एकदा व एप्रिलअखेर एकदा घरातील एक-दोन धडधाकट माणसांनी जाऊन पाऊस आणि पाणी पाहून यावे.

मार्गाचा विचार आपल्या उपनगरापासून सुरू करावा:

- मुलुंड: नाशकास पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाणे, भिवंडी व कसारा घाट, कोकण व पुण्याकडे ऐरोली पुलावरून नवी मुंबई व पनवेल.
- घाटकोपर: घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने वाशी व शीव-पनवेल महामार्ग.
- अंधेरी: जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेस येऊन ऐरोली पूल; हा रस्ता पहाटेच ओलांडावा.
- बोरिवली: नाशकास घोडबंदर मार्गे ठाणे; या मार्गावर अवजड वाहनांमुळे खोळंबा होत असल्याने सकाळी सहाच्या आत ठाणे गाठावे.

मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून पथकर माफ आहे. पुढील मार्गावरील पथकर मात्र द्यावा लागतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्याने भिवंडीच्या बाजूने कसारा घाट टाळून इगतपुरी गाठता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी घाट चढताना आणि रविवारी सायंकाळी उतरताना तासन् तास अडकून पडावे लागते. ज्येष्ठ बरोबर असता मंगळवार किंवा बुधवारी निघणे श्रेयस्कर.

ज्यांना मोटारीचा प्रवास मुळीच सोसत नाही, त्यांच्यासाठी कुटुंबाची विभागणी करावी. काहींनी गाडीने जावे आणि ज्येष्ठांनी सोबतीसह कोकण रेल्वेने यावे. 29 ऑगस्ट 2024 पासून वांद्रे-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी बोरिवलीवरून जाते, त्यामुळे पश्चिम उपनगरांतील माणसांना दादर किंवा ठाणे गाठण्याचे कष्ट वाचतात.

वाहन आणि त्यातील बैठक

सहा माणसांपर्यंत सात आसनी गाडी पुरते. त्याहून अधिक माणसांस टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी लागते. भाड्याचे वाहन पिवळ्या पाटीचेच घ्यावे. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण खासगी वाहन भाड्याने चालवणे कायद्याने निषिद्ध आहे आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडचणीत येते.

टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी जमिनीपासून जवळजवळ गुडघ्याएवढी उंच असते. गुडघेदुखीच्या माणसाला ती दिवसातून आठ-दहा वेळा चढावी-उतरावी लागते. म्हणून घरातील एक भक्कम लाकडी पाट गाडीत ठेवावा आणि चालकाला तो प्रत्येक थांब्यावर मांडण्यास पहिल्याच दिवशी सांगावे. ज्येष्ठांना मागील चाकावरची जागा देऊ नये, तेथे हिसके सर्वाधिक बसतात. पुढच्या बाकावर खिडकीकडेला बसवावे.

- मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा योग्य बालआसन न लावल्यास 1,000 रुपये दंडाची तरतूद आहे.
- दिवसाचे अंतर 200 किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावेत. कुडाळ मुंबईपासून सुमारे 450 किलोमीटर असल्याने वाटेत दोन मुक्काम करावेतच.
- सूर्यास्तानंतर घाट चढू वा उतरू नये.
- औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, आणि चिठ्ठीवर औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ घटकाचे नावही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लहान गावात तेच नाव उपयोगी पडते.

गावात गेल्यावर काय पाहावे

प्रत्येक गावी निदान तीन रात्री राहावे, आणि त्या रिसॉर्टमध्ये न काढता वस्तीतील एखाद्या घरगुती खोलीत काढाव्यात. त्यांपैकी एक दिवस पूर्णपणे नेहमीच्या दिनक्रमाने घालवावा: दूध कोठून येते, भाजी कोणत्या वारी मिळते, वीज किती वेळा जाते, कचरा कोण नेतो, रात्री साडेनऊला औषध लागले तर कोणते दुकान उघडे असते.

ज्येष्ठांसाठी

- रुग्णालयापर्यंत स्वतः गाडीने जाऊन वेळ मोजावी, आणि तेथे हृदयविकारतज्ज्ञ रोज असतो की ठराविक वारी येतो हे विचारावे. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालय, कऱ्हाडचे कृष्णा रुग्णालय आणि मिरजेतील रुग्णालये यांचा त्या त्या टापूला मोठा आधार आहे. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीस नेले जातात. आपल्या गावापासून ते अंतर किती, हा खरा प्रश्न.
- जुन्या घराचे शौचालय आत आहे की अंगणापलीकडे, आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरते काय, हे पाहावे. दोहोंचा उपाय होऊ शकतो. मात्र त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.
- आपल्या आरोग्यविम्याच्या यादीत तेथील कोणते रुग्णालय आहे ते तपासावे. 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु ते अंगीकृत रुग्णालयांतच.

मुलांसाठी

- शाळा सुटताना फाटकाशी उभे राहून पालकांशी बोलावे. मुख्याध्यापकांच्या खोलीत कळत नाही ते तेथे कळते.
- दहावीनंतरची सोय त्याच गावी आहे काय, हे आजच विचारावे. नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा स्थलांतर अटळ होते.

कमावत्यांसाठी

- ज्या खोलीत काम करणार, तेथेच कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी इंटरनेटचा वेग पाहावा.
- महिन्यातून दोनदा मुंबईस यावे लागले तर येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ किती, हे लिहून काढावे.

एक दिवस गाडी उभी ठेवून एस.टी.ने तालुक्याच्या गावी जाऊन यावे. वार्धक्यात गाडी चालवणे बंद होते, तेव्हा हीच सेवा कामी येते. राज्यात 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना व सर्व महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे, आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. पण बस दिवसातून दोनदाच येत असेल तर या सवलतीचा उपयोग मर्यादित राहतो.

घर वा जमीन पसंत पडल्यास

प्रवासात एकही रुपया इसार म्हणून देऊ नये. कितीही आग्रह झाला, दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार असल्याचे कितीही सांगितले, तरी कागदांच्या प्रती घेऊन परतावे आणि वकिलास दाखवावे.

- सातबारा. शेतीच्या जमिनीचा ताजा उतारा, मागील तीस वर्षांचे फेरफार आणि आठ-अ तपासावेत. "इतर हक्क" हा रकाना ओळ न् ओळ वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा वा सोसायटीचा बोजा, वाटेचा हक्क तेथेच नोंदलेला असतो. भोगवटादार वर्ग 2 असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री होत नाही.
- शेतकरी असण्याची अट. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 अन्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. कर्जत, मुरबाड, शहापूर या बाजूंस "फार्महाऊसचे प्लॉट" म्हणून गुंठ्यांनी विकल्या जाणाऱ्या जमिनींत ही अट आणि तुकडेबंदीचे नियम या दोहोंची पायमल्ली झालेली असू शकते. तुकडेबंदीचे नियम अलीकडे वारंवार बदलले असल्याने त्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कचेरीतून व दुय्यम निबंधकाकडून खात्री करून घ्यावा.
- वडिलोपार्जित घर. सामायिक उताऱ्यावर चुलते, आत्या व त्यांचे वारस यांची नावे असतात. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. म्हणून आत्याबाईंना डावलून केलेली दुरुस्ती वा विक्री पुढे वादात सापडते. आधी वारसनोंद, मग सर्वांच्या संमतीने वाटप, आणि त्यानंतरच घरावर खर्च, हा क्रम सोडू नये. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.
- पूररेषा आणि किनारा. नदीकाठी निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. मिळकत त्यांच्या आत आहे काय हे लेखी विचारावे. समुद्रकाठी सागरी किनारा नियमन क्षेत्राची मर्यादा पाहावी.
- नवी इमारत. 500 चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करारनाम्यावाचून विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष त्याने विनामूल्य दूर करावयाचा असतो.

आपले हक्क

- भाडेकरू म्हणून. खरेदीपूर्वी अकरा महिने भाड्याने राहून पाहणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.
- विद्यार्थी म्हणून. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 अन्वये आठवीपर्यंतच्या मुलास शाळा बदलण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून शासकीय वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.
- ज्येष्ठ म्हणून. मुंबईची सदनिका मुलाच्या नावे करून, ती विकून येणाऱ्या पैशावर नवे घर उभारण्याचा बेत असेल, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. प्रेम आहे म्हणून अट नको, असा संकोच कोणी करू नये. अट असल्याने प्रेमाला काही बाधा येत नाही.
- प्रवासी म्हणून. रुग्णवाहिकेसाठी 108, कोणत्याही संकटात 112 आणि राष्ट्रीय महामार्गावरील अडचणीसाठी 1033 हे क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व चाकांत हवा या सोयी विनामूल्य मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

मुंबईचे घर मागे ठेवताना

घर भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारते; ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर पर्यायी भाडे किती, ते किती काळ आणि विलंब झाल्यास काय, ही कलमे करारनाम्यात स्वतः वाचून मगच गाव सोडावे. सोसायटीच्या सभेत सभासदाच्या वतीने मत देण्यास कोणा तिऱ्हाइताला धाडता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या सभांस स्वतः यावे, किंवा घरातील एका व्यक्तीस सहयोगी सभासद करून घ्यावे.

परतल्यावर

आठ दिवस कोणीही निर्णयाचा शब्द काढू नये. मग आरंभी लिहिलेला कागद पुढे घेऊन प्रत्येक गाव त्याच्याशी ताडून पाहावे. घरातील सर्वांत अशक्त माणसाने ज्या गावाला नकार दिला, ते बहुमताने स्वीकारू नये. तिन्ही गावे नापसंत ठरली तरी फेरी वाया गेली असे समजू नये, कारण चुकीच्या खरेदीतून सुटका करून घेण्यात याहून कितीतरी अधिक वर्षे आणि पैसा जातो. आणि एखादे गाव सर्वांच्या मनास आले, तर तेथे नोंदणीकृत करार करून एक पावसाळा व एक उन्हाळा भाड्याने काढावा. त्या वर्षात आजीची प्रकृती सुधारली की ढासळली, हे पाहूनच मुंबईच्या घराच्या विक्रीचा कागद करावा.